श्रीखंडे केशर, पाव किलो

प्रिय मावशी,

आमचं आडनाव श्रीखंडे. तीन आठवड्यांपूर्वी मला मुलगी झाली. ती पोटात होती तेव्हापासून नवरा तिला केशर म्हणतोय आणि आता तेच नाव ठेवायचं म्हणून हटून बसलाय. म्हणतो, "केशर श्रीखंडे! एकदा ऐकलं की कोण विसरेल?" नणंदेने त्यात भर घातली, "त्यापेक्षा वेलची ठेवा, नाहीतर एला." तिचा नवरा फोनवर विचारतो, "काय, चारोळी झोपली का?" सासूबाईंना देवीचं नाव हवंय, त्या रुसून बसल्यात. मी नको म्हटलं की "तुला विनोदच कळत नाही" असं ऐकून घ्यावं लागतं. खरं सांगते, पहिल्यांदा मलाही हसू आलं होतं. पण आता रात्री तिला पाजताना रडू फुटतं. बारसं येत्या रविवारी आहे. काय करू?

– चक्क्यात अडकलेली मधुरा

(नाव-आडनाव बदललं आहे. चव मूळ पत्राचीच.)

मधुरा,

आधी कबूल करते, पत्र वाचून मी मोठ्याने हसले. म्हणजे तुझ्या नवऱ्याने निम्मी बाजी मारली. उरलेल्या निम्म्याचं बघू.

पण त्याआधी तुझ्या रडण्याचं. ओल्या बाळंतिणीला रडू यायला कारण लागतंच असं नाही. तरीही ते रोजचंच झालं, झोप लागेना, जेवण जाईना, तर नावाचा घोळ बाजूला ठेव आणि डॉक्टरांना सांग. यात लाजायचं काही नाही.

आता केशर. बाई गं, नावात काहीच खोट नाही. गोव्यातल्या केरी गावी 1892 साली जन्मलेल्या गायिका केसरबाई केरकरांची भैरवी 1977 साली नासाच्या व्हॉयेजर अंतराळयानातल्या तबकडीवर चढली आणि ते यान आता सगळ्या ग्रहांच्याही पलीकडे गेलं आहे. तिथवर पोचलेल्या नावाला आपण खाण्याचं म्हणून नाक मुरडायचं? आपल्या आज्या-पणज्यांत साखराबाई होत्या. पुण्यात दगड मारला तर एखाद्या कणादला लागेल, आणि कणाद म्हणजे कण खाणारा. पिप्पलाद ऋषी पिंपळाच्या फळांवर वाढले म्हणून पिप्पलाद. उलट बिचारी दाक्षायणी. ती दक्षाची लेक, पण अर्धा गाव तिला "द्राक्षायणी" म्हणत घोसाला लटकवतो.

तेव्हा सासूबाईंनाही सांग, देवीचं नाव नसलं म्हणून ते हलकं होत नाही. (आणि देवीचंच हवं असेल तर शाकंभरी आहे. भाज्यांची देवी. पण हे नवऱ्याच्या कानावर जाऊ देऊ नकोस.)

मग अडतं कुठे? नवऱ्याला एकच प्रश्न विचार: आपलं आडनाव कुलकर्णी असतं, तरी तू केशरच ठेवलं असतंस? क्षणभरही न थांबता तो "हो" म्हणाला, तर त्याचा त्या नावावर जीव आहे आणि त्याचं म्हणणं नीट ऐकून घे. पण तो हसला, डोकं खाजवायला लागला, "तेव्हा मजा नाही ना" म्हणाला, तर त्याला मुलीचं नाव ठेवायचंच नाहीये. त्याला आडनावावर कोटी करायची आहे, आणि ती कोटी आयुष्यभर वागवायची कुणी, तर त्या पोरीने.

शाळेत हजेरी कशी घेतात आठवतंय ना? आडनाव आधी. "शिंदे ओंकार. शेख आयेशा. श्रीखंडे केशर." मागच्या बाकावरून आवाज येणार, "पाव किलो!" पहिल्या दिवशी बाईसुद्धा हसतील. ऑगस्टपर्यंत फक्त मागचा बाक हसत असेल. आणि तुला आणखी एक सांगते. 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांचं नाव महाराष्ट्रात सरकारी कागदांवर असं लागतं: बाळाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. म्हणजे तुझ्या लेकीच्या दाखल्यावर केशर, पाठोपाठ मधुरा आणि शेवटी श्रीखंडे. हे नाव कसलं, डब्यावर चिकटवायची चिठ्ठी आहे!

हे मी ऐकीव सांगत नाहीये. माझा जन्म भर पावसातला. आजी म्हणे त्या वेळी चुलीपुढे भजी तळत बसली होती आणि कढई उतरवायच्या आत मी आले. झालं, घरात मी भजू. कागदावर माझं चांगलं तीन अक्षरी नाव आहे, त्यामुळे शाळा सुखाची गेली. पण कॉलेजात हॉस्टेलला होते तेव्हा भाऊ दिवाळीचा फराळ घेऊन आला आणि फाटकातून गळा काढून ओरडला, "भजेऽऽ!" दुसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या खिडक्या उघडल्या. पुढची दोन वर्षं मेसमध्ये ताट घेऊन उभी राहिले की कुणीतरी विचारायचं, "कांदा की बटाटा?" मी हसायचे. हसण्यावाचून करणार काय? खोलीवर जाऊन भावाला पत्र लिहिलं होतं, पुन्हा आलास तर फाटकाबाहेर गप उभा राहा. आज मात्र मला भजू म्हणणारा तोच एक उरलाय, आणि महिनाभर त्याचा फोन आला नाही तर मीच लावते.

बेंगळुरूजवळच्या भद्रापूरला हक्कीपिक्की या आदिवासी जमातीची वस्ती आहे. तिथे माणसांची नावं कॉफी, म्हैसूर पाक, ग्लुकोज अशी आहेत. तिथे म्हैसूर पाकला हाक मारली तर कुणी वळूनही बघत नाही, कारण हाक मारणाराच कॉफी असतो. तुझी लेक कॉफी आणि ग्लुकोजबरोबर वाढणार असेल तर खुशाल ठेवा केशर.

आणि नणंदेच्या "एला"ची गंमत ऐक. 2014 साली फ्रान्समध्ये एका जोडप्याने मुलीचं नाव न्यूटेला ठेवलं, तेच ते पावाला लावायचं चॉकलेट. प्रकरण व्हॅलेन्सिएन शहरातल्या कोर्टात गेलं. पोरीची टिंगल होईल, असं न्यायाधीशांचं म्हणणं पडलं. आईबाप सुनावणीला आलेच नाहीत, तेव्हा कोर्टानेच नाव बदलून एला करून टाकलं. संस्कृतात एला म्हणजे वेलची, हे तिथे कुणाच्या गावीही नसेल. नणंदेची निवड एका परीने कोर्टाने मान्य केलेली आहे. मला स्वतःला एला आवडलं. श्रीखंडे आडनावाशेजारी ते लपून बसतं. ज्याला ठाऊक आहे तोच हसेल आणि बाकीच्यांना नुसतं छान नाव वाटेल. पण ते तुलाही आवडायला हवं, नणंदेला गप्प बसवायला म्हणून नको.

आता रविवारचं. त्याच्याशी बोल, पण नणंदेसमोर नको आणि फोनवर तर नकोच. बाळ झोपल्यावर त्याला खुर्चीवर बसव आणि बाईंच्या आवाजात दहा आडनावांची हजेरी घ्यायला सांग. तुझी बाकावरची जागा पलंगावर. "श्रीखंडे केशर" आलं की तू ओरड, "पाव किलो!" तो खो खो हसेल. मग म्हण, पुन्हा घे. पुन्हा. सहाव्या-सातव्या हजेरीला त्याचा चेहरा बघ आणि मग विषय काढ. तुला विनोद कळत नाही असं त्याला म्हणता येणार नाही, कारण विनोद तूच करत असशील.

तरी एकमत झालं नाही तर घाई करू नका. जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, आणि ती नावाशिवायही होते. तुमची बहुधा हॉस्पिटलातूनच झाली असेल, तरी एकदा खात्री कर. त्यानंतर वर्षभरात नाव घालायला पैसे पडत नाहीत, आणि पुढे पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येतं. म्हणजे बारशाला पाळण्यात ठेवलेलं नाव लगेच दाखल्यावर चढवायची सक्ती नाही. चक्का रात्रभर टांगतो ना आपण, तसं हे नाव दोन-तीन महिने टांगून ठेवा. पाणी किती होतं ते कळेल.

केशर घरातलं नाव म्हणून राहू दे. बापाने हौसेने ठेवलेलं आहे, ते हिसकावून घेऊ नकोस. फक्त एक अट घाल: उंबऱ्याच्या आत. शाळेच्या फाटकाशी, बसच्या खिडकीतून, वाढदिवसाच्या केकवर, कुठेही नाही. नणंदेच्या नवऱ्याची चारोळी मात्र आजच बंद कर. तुझ्याच्याने होणार नसेल तर सासूबाईंना सांग. त्या रुसलेल्याच आहेत, रागाचा थोडा उपयोग होऊ दे.

बारशाला आत्या कानात कुर्र करते तेव्हा काय म्हणायचं ते नणंदेला कागदावर लिहून दे आणि पाळण्यापाशी तू स्वतः उभी राहा. आणि जेवणाचं ठरलं नसेल तर जिलबी-मठ्ठा सांग. केटरर "आडनावाला शोभेल" म्हणून श्रीखंड सुचवेल, त्याला तिथल्या तिथे नाही म्हण.

– तुझी मावशी