ओटीपीला 'सही' म्हणावं का?

प्रश्न इंदुरातूनच आला आहे. एका मराठी मंडळाचा सभासद-अर्ज आता मोबाइलवरून भरायचा आहे. कागदी अर्जाच्या तळाशी 'अर्जदाराची सही' अशी रेघ असे. आता त्या जागी मोबाइलवर आलेला ओटीपी टाकायचा. समितीत तीन पक्ष पडले: 'डिजिटल सही', 'डिजिटल स्वाक्षरी' आणि 'डिजिटल हस्ताक्षर'. 'वकीलकाका, यातलं बरोबर मराठी कुठलं?' असं एका ताईंनी विचारलं आहे.

तिसरा पक्ष आधी निकालात काढू. हिंदीत हस्ताक्षर म्हणजे सही. मराठीत हस्ताक्षर म्हणजे हाताचं अक्षर, वळण. आपण इंदूरकर दिवसभर 'आवेदक के हस्ताक्षर' वाचतो, म्हणून हा शब्द परका वाटत नाही, आणि घोटाळा नेमका तिथेच होतो. आमच्या गल्लीत एकदा गणेशोत्सवात 'हस्ताक्षर स्पर्धा' लावली, तर समोरच्या घरातला हिंदीभाषक मुलगा पानभर स्वतःची सही गिरवून घेऊन आला. खाली दोन रेघा, शेवटी झोकदार फराटा. परीक्षकांनी त्याला उत्तेजनार्थ बक्षीस दिलं, ते बरंच केलं. जुन्या मराठी कागदांतही 'हस्ताक्षर अमुक' असं शेवटी येतं, पण ते कागद लिहिणाऱ्याचं नाव. व्यवहार ज्याचा, तो माणूस वेगळा. ज्याचा व्यवहार त्यानेच कागद लिहिला असेल तर 'दस्तुर खुद्द'. आज 'दस्तुरखुद्द मंत्रीमहोदय आले' असं आपण म्हणतो तेव्हा मूळ अर्थ खुद्द त्यांच्या हातचं लिखाण असा होता, हे कुणाच्या ध्यानातही नसतं. दस्त म्हणजे हात. दस्तखतातला हातही हाच.

आता उरले दोन. स्वाक्षरी हा शब्द मला आवडतो, पण तो जरा इस्त्री केलेला आहे. क्रिकेटपटूची स्वाक्षरी घेतात, पाहुण्यांची स्वाक्षरी अभिप्राय-वहीत घेतात. बँकेतला माणूस मात्र 'तुमची सही जुळत नाही' असंच म्हणतो. स्वाक्षरी जुळत नाही असं म्हणालेला मी अजून ऐकला नाही. महाराष्ट्रात सातबाऱ्यावर 'डिजिटल स्वाक्षरीत' असं छापून येतं. त्यातला 'री' व्याकरणवाल्यांना खटकेल ('अंकित', 'लिखित' तसं 'स्वाक्षरित' हवं), पण सातबारा हातात पडल्यावर ऱ्हस्व-दीर्घ कोण बघतो?

माझं मत 'सही'च्या बाजूने आहे, आणि ते सवयीपोटी नाही.

सही हा मुळात अरबी शब्द: सहीह, म्हणजे बरोबर, खरं, आणि धडधाकट, अव्यंग. 'सहीसलामत' या जोडशब्दात तो जुना अर्थ जसाच्या तसा शिल्लक आहे. हिंदीने त्यातलं 'बरोबर' उचललं. इंदूरच्या राजवाड्यासमोर उभं राहून ऐका, मिनिटाला एक 'सही है भिया' कानावर येईल. मराठीने आणि गुजरातीने त्याची सही केली, त्यामुळे बडोद्याच्या माझ्या आत्येबहिणीला हा घोळ कधी भोगावा लागला नाही. पण 'बरोबर'पासून 'सही'पर्यंत शब्द पोचला कसा? कागद तयार होई, वरिष्ठापुढे जाई आणि तो त्यावर मंजुरीची खूण करी, की हे बरोबर, असंच व्हावं. आपल्या शेजारच्या मेवाडात ताम्रपटांवर भाल्याची खूण आणि 'सही' हा शब्दच असे. नाव लिहिण्याची गरज नव्हती. पेशवाई कागदांवर 'मोर्तब सुद' येतं, म्हणजे मोर्तब झालं. तिथेही नाव नाहीच. अहिल्याबाई होळकरांच्या आज्ञापत्रांवर 'श्रीशंकर आज्ञेवरून' असे, ही गोष्ट तर आपल्याकडे पोरासोरांना माहीत असते. राज्य शंकराचं, आपण कारभारी, असा त्यामागचा भाव. माझ्या दृष्टीने मुद्दा एवढाच, की त्या खुणेत स्वतःचं नाव नसूनही हुकूम पक्का होता.

सामान्य माणसाचंही तेच. लिहिता न येणारा कुणबी कागदावर नांगर काढी, बाई बांगडी काढी, आणि शेजारी कारकून 'निशाणी नांगर', 'निशाणी बांगडी' असं लिही. इंग्रजांनी हीच गोष्ट १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टमध्ये घातली: ज्याला आपलं नाव लिहिता येत नाही, त्याच्या बाबतीत सही करणं यात खूण करणंही आलं. अंगठाही त्याच खुणेत येतो.

थोडक्यात, 'हस्ताक्षर' आणि 'दस्तखत' यांत हात आहे, 'स्वाक्षरी'त अक्षर आहे. 'सही'त दोन्ही नाहीत. आहे ते फक्त 'हे बरोबर, हे मला मान्य'. मोबाइलच्या काचेवर बोट टेकवण्याला यापेक्षा चपखल शब्द कुठून आणायचा?

या शब्दाने मला एकदा चांगलंच पळवलं आहे, तेही सांगून टाकतो. वकिलीची पहिली-दुसरी वर्षं. माझा मुंशी नवा, भिंडकडचा. एका अपिलाचा वकालतनामा त्याच्या हाती दिला, पक्षकार महूला. म्हटलं, 'इस पर सही करा लाना.' संध्याकाळी गडी हसत परतला: 'साहब, बाप का नाम गलत लिखा था, सही करा लाया.' बापाच्या नावावर निळ्या शाईने स्वच्छ दुरुस्ती, शेजारी पक्षकाराचं एक अक्षर नाही. दुसरा दिवस मुदतीचा शेवटचा. सकाळच्या पहिल्या बसने मी स्वतः महूला गेलो. त्या दिवसापासून ऑफिसात 'दस्तखत' हाच शब्द चालू केला.

पण चूक मुंशीची नव्हतीच. आपल्या कोर्टात साक्षीदाराचा बयान टाइप झाला, की खाली ओळ येते: पढ़कर सुनाया, समझाया, सही होना स्वीकार किया. आणि तिच्या खाली साक्षीदार सही करतो. एकाच पानावर दोन बोटांच्या अंतराने हिंदीची सही आणि मराठीची सही. ही ओळ मी हजारो वेळा वाचली असेल, पण खालची सही म्हणजे वरच्या 'सही'चीच पोच आहे हे कळायला निवृत्त व्हावं लागलं.

आता यंत्राकडे. २००० साली माहिती तंत्रज्ञान कायदा आला आणि डिजिटल सहीला मान्यता मिळाली. ही सही म्हणजे सहीचा फोटो चिकटवणं असं अजून पुष्कळांना वाटतं. तसं नाही. कागदातल्या सगळ्या मजकुराचा गणिताने एक ठरावीक लांबीचा गोषवारा काढतात आणि तो सही करणाराची जी गुप्त किल्ली असते तिने बंद करतात. समोरचा दुसऱ्या, उघड किल्लीने तो तपासतो. मजकुरात नंतर एक स्वल्पविराम जरी इकडचा तिकडे झाला, तरी गोषवारा जुळत नाही. म्हणजे ही सही दोन गोष्टी सांगते: कुणी केली, आणि केल्यापासून कागद सहीसलामत आहे का. अरबीतला तो 'अव्यंग' हा अर्थ, जो मराठीने सहीपासून तोडून फक्त जोडशब्दात ठेवला होता, तो यंत्राने परत आणून सहीला जोडला. शाईच्या सहीला हे कधीच जमलं नव्हतं. सही खरी आणि वरचं पान बदललेलं, असे दस्त मी उलटतपासणीत किती पाहिले असतील! १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबतच्या प्रमाणपत्रात हा गोषवारा, म्हणजे 'हॅश', लिहावाच लागतो.

यातली गंमत अशी, की हे सगळं पडद्यावरच खरं. मागच्या वर्षी एका दाखल्याचं पीडीएफ उतरवलं, छापलं आणि एका कार्यालयात नेलं. छापलेल्या कागदावर सहीच्या चौकोनात पिवळं प्रश्नचिन्ह उमटलेलं. संगणकाने त्या सहीवर अजून भरवसा ठेवलेला नव्हता एवढाच त्याचा अर्थ, पण खिडकीतल्या मुलाने चिन्हावर पेन टेकवून म्हटलं, 'अंकल, इस पर साइन तो है ही नहीं.' मी तोंड उघडलं आणि मिटलं. छापील प्रतीवर किल्लीही नाही आणि गोषवाराही नाही. पोरगं कायद्याने बरोबर बोलत होतं.

म्हणून ताई, तुमच्या प्रश्नात एक पाचर मारून ठेवतो. डिजिटल सहीला 'डिजिटल सही'च म्हणा. पण तुमच्या अर्जावरचा ओटीपी ही डिजिटल सही नव्हे. तो मोबाइल या क्षणी अर्जदाराच्या हातात आहे, एवढंच तो सांगतो. आणि घरोघरी नातवंडं आजीचा ओटीपी वाचून टाकतात, तेव्हा तेवढंही सांगत नाही. आधारवरून 'ई-साइन' करण्याची सोय २०१५ पासून आहे. त्यातही ओटीपी नुसता दार उघडतो. सही होते ती आत तुमच्यासाठी तयार झालेल्या किल्लीने. तुमच्या मंडळाला यातलं काही लागत नाही. सभासद व्हायला संमती पुरते आणि संमती ओटीपीने देता येते. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या २००८ च्या दुरुस्तीतल्या १०-अ कलमाप्रमाणे करार इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला एवढ्याच कारणाने तो निकामी ठरत नाही. तेव्हा त्या रकान्यात 'अर्जदाराची संमती (ओटीपी)' असं लिहा. आणि त्याच्या वर एक ओळ घाला: 'वरील मजकूर मी वाचला, तो बरोबर आहे.' कागदी अर्जात माणूस रेघेपर्यंत पोचेतो निदान डोळा तरी मजकुरावरून फिरे. मोबाइलवर ओटीपी अर्ध्या मिनिटात येतो आणि बोट डोळ्याच्या आधी पोचतं.

डोळ्यावरून आठवलं. 'साक्षी' या शब्दात 'अक्ष' आहे, डोळा. मृत्युपत्र अजूनही माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या बाहेर ठेवलेलं आहे. ते कागदावरच हवं, आणि १९२५ च्या वारसा कायद्याप्रमाणे किमान दोन साक्षीदार हवेत, ज्यांनी करणाऱ्याला सही करताना पाहिलं किंवा ज्यांच्यापाशी त्याने ती स्वतः कबूल केली. लोकांची शंभरेक मृत्युपत्रं केली, स्वतःचं राहून गेलं होतं. आता हात कापतो. बँकेने दोन चेक 'सही जुळत नाही' म्हणून परत केले, तेव्हा कुठे लेकीने मनावर घेतलं. या शनिवारी वरच्या मजल्यावरचे जोशी आणि समोरचे तिवारीजी येणार आहेत. जोश्यांना मी 'इथे सही करा' म्हणेन. तिवारीजींना 'दस्तखत'.