सूत्रं पाठ आहेत, तरी फिजिकल केमिस्ट्रीची गणितं चुकतात. काय करू?

तू लिहिलंयस की बारावी सायन्सला आहेस, दहावीपर्यंत कागलला मराठी माध्यमात शिकलास. सोल्युशन्स आणि इलेक्ट्रोकेमिस्ट्रीची सूत्रं तोंडपाठ आहेत, पण उत्तर कधी दुप्पट येतं, कधी निम्मं. म्हणून फिजिकल सोडून नुसतं ऑरगॅनिक करू का, असं विचारतोयस.

सोडू नकोस. उत्तर नेमकं दुप्पट किंवा निम्मं येतंय, याचा अर्थ आकडेमोड तुला जमते. मोल, म्हणजे कणांची ठरावीक मोठी संख्या, मोजायला चुकतंय. मी कोल्हापुरात अकरावी-बारावीच्या मुलांना केमिस्ट्री शिकवतो आणि ही तक्रार दरवर्षी ऐकतो. अकरावीतला मोलचा धडा घाईत उरकलेला असतो आणि बारावीचे निम्मे धडे त्याच्यावर उभे असतात.

एक गणित वहीत माझ्याबरोबर कर. अर्धा किलो पाण्यात ३४.२ ग्रॅम साखर विरघळवली. साखरेचा एक मोल म्हणजे ३४२ ग्रॅम, म्हणून इथे ०.१ मोल. पाणी अर्धा किलो, म्हणजे मोलॅलिटी (दर किलो पाण्यामागे मोल) ०.२. पाण्याचा केबी, म्हणजे उत्कलनबिंदू वाढीचा स्थिरांक, ०.५२, तेव्हा उत्कलनबिंदू ०.१०४ अंशाने वाढला. आता साखरेऐवजी ५.८५ ग्रॅम मीठ घे. मिठाचा मोल ५८.५ ग्रॅमचा, म्हणजे तेही ०.१ मोलच. तरी वाढ येते ०.२०८, कारण मिठाचे सोडियम आणि क्लोराईड असे दोन आयन सुटे होतात आणि पाण्यात कण दुप्पट होतात. साखरेचा रेणू फुटत नाही. व्हँट हॉफचा 'आय' म्हणतात तो हाच. पाठ केलेल्या सूत्रात तो असतोच, पण त्या जागी १ घालायचा की २, हे सूत्र सांगत नाही.

इलेक्ट्रोकेमिस्ट्रीत तोच २ वेगळ्या जागी लपतो. चांदीच्या दागिन्यांची हुपरी कागलपासून जवळच आहे, तेव्हा चांदीचंच उदाहरण घेऊ. मुलामा चढवायच्या टाकीतून १ अँपिअर प्रवाह ९६५ सेकंद सोडला, तर ९६५ कूलोम प्रभार गेला. एक मोल इलेक्ट्रॉनचा प्रभार ९६५०० कूलोम, म्हणून ०.०१ मोल इलेक्ट्रॉन मिळाले. चांदीचा आयन एकच इलेक्ट्रॉन घेतो, तेव्हा चांदीही ०.०१ मोल, म्हणजे १.०८ ग्रॅम बसली. तांब्याच्या आयनाला मात्र दोन इलेक्ट्रॉन लागतात. तिथे उत्तर निम्मं करायला विसरलास की संपलं. म्हणून आधी अर्धी समीकरणं लिही, तांबं दोन अधिक, अधिक दोन इलेक्ट्रॉन, आणि मगच सूत्राला हात लाव.

मोलॅरिटी आणि मोलॅलिटीत गोंधळ होत असेल तर एवढंच बघ: मोलॅरिटीत खाली पूर्ण द्रावणाचे लिटर असतात, मोलॅलिटीत नुसत्या द्रावकाचे किलो.

सूत्राची हद्द कुठे संपते, हेही कळायला हवं. येत्या हंगामात एखाद्या गुऱ्हाळावर जा. काहिलीतला पाक गूळ व्हायच्या बेताला साधारण ११८ अंशांपर्यंत तापतो. वरचं केबीचं सूत्र तिथे लावू नकोस, ते विरळ द्रावणासाठी आहे आणि हा पाक म्हणजे बहुतेक साखरच. पण त्याच काहिलीत तुझा कायनेटिक्सचा, म्हणजे अभिक्रियांच्या वेगाचा, धडा दिसतो. उसाचा रस मुळात किंचित आम्लधर्मी असतो. आम्लात तापवला की साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होतं, गूळ मऊ पडतो आणि ओल धरतो. म्हणून रसात बेताने चुना घालतात. पुस्तकात स्यूडो फर्स्ट ऑर्डर म्हणून केन शुगर इन्व्हर्जनचं उदाहरण दिलंय ना, तीच ही अभिक्रिया. पाणी भाग घेतं, पण इतकं जास्त असतं की त्याचं प्रमाण बदलल्याचं जाणवत नाही, म्हणून वेग फक्त साखरेवर अवलंबून दिसतो. मला हे उदाहरण फार आवडतं, कारण आपल्या भागातल्या मुलांना ते वाचून समजण्याआधी वासाने माहीत असतं.

आता अभ्यासाचं. पुढचा आठवडाभर बारावीचं पुस्तक मिट आणि अकरावीचा मोलचाच धडा घे: ग्रॅमवरून मोल, मोलवरून कण, वायूंचं आकारमान, लिमिटिंग रीएजंट. प्रत्येक ओळीत आकड्यापुढे एकक लिही, आणि नुसतं 'मोल' लिहू नकोस, 'मोल इलेक्ट्रॉन', 'मोल चांदी' असं लिही. वेळ जातो, पण तुझी चूक नेमकी इथेच पकडली जाते. त्यानंतर सोल्युशन्स, मग इलेक्ट्रोकेमिस्ट्री. सोडवलेली उदाहरणं नुसती वाचू नकोस. उत्तर झाकून स्वतः कर.

माध्यम बदलल्याचा त्रास खरा आहे, पण तो दोन-तीन महिन्यांत ओसरतो. वहीच्या शेवटच्या पानावर क्षपण म्हणजे रिडक्शन, अवक्षेप म्हणजे प्रेसिपिटेट अशी यादी ठेव. दहावीला तू मराठीत जे समजून घेतलंस ते वाया गेलेलं नाही.

आज रात्री वरचं चांदीचं गणित तांब्यासाठी करून बघ, अणुवस्तुमान ६३.५ धर. ०.३१७५ ग्रॅम यायला हवं. नाही आलं तर सगळ्या पायऱ्या एककांसकट इथेच खाली लिही, कुठे घसरलास ते मी दाखवतो.