डबा केवढा घ्यायचा हा दुसरा प्रश्न. आधी मोहाच्या ढोलीतून बाहेर या

तुमची पोस्ट वाचली आणि दुखणं ओळखीचं निघालं. मागून येणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. खेळ जिओकॅशिंगचा: एकानं वही घातलेला डबा लपवायचा, त्याचे जीपीएस निर्देशांक साइटवर टाकायचे, बाकीच्यांनी तो शोधायचा. तुम्ही जानेवारीत एक लिटरचा प्लास्टिकचा डबा मोहाच्या बुंध्यातल्या ढोलीत ठेवला, एप्रिलात पाहिलं तर काळं ढेकूळ. दुसरी, कॅमेऱ्याच्या फिल्मची डबी, धुऱ्याच्या (शेताच्या बांधाच्या) कडेला मातीवर दगडाखाली ठेवली, दगड जागेवर आहे, डबी नाही. आणि आता तुमचा प्रश्न असा, की पुढच्या वेळी डबा लहान घेऊ की मोठा?

लहान घेतला असता तरी जळलाच असता, भाऊ. जिओकॅशिंगची साइट, अकाउंट, दोन डब्यांमधलं किमान १६१ मीटरचं अंतर, डब्याची नोंद तपासणारा रिव्ह्यूअर म्हणजे बिनपगारी स्वयंसेवक असतो, हे सगळं तुम्हाला ठाऊक असणार. ते सोडून देतो.

मोहापासून सुरू करतो, कारण माझ्या मते विदर्भात डबे घालवणारी सगळ्यात मोठी चूक हीच आहे आणि माझंही सगळ्यात जास्त नुकसान हिनंच केलं. बाहेरचे लेख पावसावरच लिहितात: सील पाहा, गास्केट (झाकणातली पट्टी) पाहा, पाणी शिरू देऊ नका. आपल्याकडे डबा पावसाआधी आगीत जातो. मार्चच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत मोह गळतो. पहाटे फुलं वेचायला येणाऱ्या बायामाणसांना झाडाखालचा पाचोळा नको असतो, फूल दिसायला जमीन साफ लागते. म्हणून पाचोळा ओढून पेटवतात. ही आग मोठी नसते, उघड्या जागेवरून पाच मिनिटांत सरकून जाते. पण बुंध्याच्या ढोलीत वर्षानुवर्षांचा पाचोळा आणि लाकडाचा भुसा साठलेला असतो, तो ज्वाळेशिवाय तासन् तास धुमसतो. पॉलिप्रॉपिलीनचा डबा साधारण १६० अंशांना वितळतो, पॉलिथिलीनचा त्याच्याही आधी. स्टीलचा घेतला तरी आतल्या वहीचा कोळसा होणारच. म्हणजे इथं डबा बदलून काही साधत नाही, जागाच बदलावी लागते.

दुसरी गोष्ट, मोहाचं झाड मोकळं दिसतं पण मोकळं नसतं. अमुक झाड अमुक घराचं, हे गावात पिढ्यान् पिढ्या ठरलेलं असतं. कागदावर नसेल, पण त्या झाडाखाली रोज पहाटे कोण वाकतं ते सगळ्यांना माहीत असतं. तुमचा डबा त्यांना पहिल्याच दिवशी सापडलेला असतो.

हेच पुढं तेंदूला. एप्रिलअखेरीपासून मे महिनाभर पानं तोडणारी माणसं जंगलात असतात, आणि नवी पालवी फुटावी म्हणून त्याआधी कुठं कुठं आग लावलेली असते. आणि शेतात? पेरणीआधी धुरे पेटवतात, पऱ्हाटीचे (कपाशीच्या वाळक्या काड्यांचे) ढीग पेटवतात. म्हणजे धुऱ्यावरचं बोरीचं झुडूप, ज्यात जानेवारीत डबा इतका छान लपतो, ते मे महिन्यात राखेचं असतं. जागा हिवाळ्यात आवडली तरी एकदा एप्रिलअखेर तिथं जाऊन उभं राहा आणि मगच डबा ठेवा. बुंध्यावर जुनी काळी झळ दिसली तर विषय संपला.

मग कुठं? माझी पसंती चिंच, करंज, उंबर; तेही पांदणीच्या (शेतवाटेच्या) कडेचं, बुंध्याशी पाचोळा न साठणारं. जमिनीपासून साडेतीन-चार फुटांवरची फांदीची बेचकी. किंवा उघडा काळा खडक, ज्याच्या भोवती तीन-चार फूट गवतच उगवत नाही. पश्चिम विदर्भात असे खडक भरपूर आहेत. पूर्वेला भंडारा-गोंदियाकडं असाल तर मामा (माजी मालगुजारी) तलावाची किंवा बोडीची, म्हणजे छोट्या तळ्याची, पाळ भुरळ घालते, पण मे महिन्यातल्या पाण्याच्या रेषेवर विश्वास ठेवू नका. सांडव्याची उंची पाहा, ऑगस्टात पाणी तिथवर येतं. डबा त्याच्या वर किमान दोन हात.

झाडाला खिळा मारू नका, नियमातही बसत नाही. बांधकामाची तार आवळली तर दोन-तीन वर्षांत सालीत रुतते. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी सैल गाठ मारून बांधा. ती ताणते.

आता आकार. साइटच्या हिशोबानं १०० मिलिलिटरच्या आतला मायक्रो (त्यातला १० मिलिलिटरच्या आतला नॅनो), १०० मिलिलिटर ते एक लिटर स्मॉल, एक ते वीस लिटर रेग्युलर, त्यावर लार्ज. ग्रामीण भागासाठी मी डोळे झाकून ४०० ते ७०० मिलिलिटरचा स्मॉल सांगतो. वही मावते, पेन्सिल मावते, पोरांसाठी दोन-चार वस्तू मावतात आणि बेचकीत बसतो. रेग्युलर फक्त खाजगी आवारात, मालकाला सांगून. लार्जच्या नादी लागू नका. २००० साली मे महिन्यात ओरेगॉनमध्ये हा खेळ ज्या बादलीनं सुरू झाला ती अर्धी जमिनीत गाडलेली होती, म्हणून अजूनही काहींना बादली गाडायची हौस येते. आज खड्डा खणणं जागामालकाच्या स्पष्ट परवानगीशिवाय चालत नाही. आणि आपल्याकडं खड्डा खणताना दिसलात की गावाला एकच शब्द सुचतो. त्यावर खाली येतो.

मायक्रो वाईट नाही, पण काळ्या मातीवर नको. काळी माती वाळली की आकसते, एप्रिल-मे मध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात, खोल पण असतात. पावसात फुगून परत मिटतात. दगडाखाली मातीवर ठेवलेली फिल्मची डबी दगड न हलता खाली उतरते. तुमची दुसरी डबी चोरीला गेली असं मला वाटत नाही.

मायक्रो ठेवायचाच तर फिल्मची डबी नकोच. तिचं झाकण नुसतं दाबून बसतं. दुपारी आतली हवा फुगून बाहेर पडते आणि रात्री गार झाली की बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. जुलैत वहीचा लगदा होतो. सोड्याच्या बाटल्या फुगवायच्या आधीची जी जाड परीक्षानळीसारखी नळी असते, प्रीफॉर्म, ती भंगारवाल्याकडं किंवा पाण्याच्या बाटल्या भरणाऱ्याकडं मिळते का बघा. २८ मिलिमीटरचं तोंड, आट्याचं झाकण, पाणी शिरत नाही. स्मॉलला चारही बाजूंनी कड्या आणि सिलिकॉनची गास्केट असलेला डबा. त्यात दोन गोष्टी बिघडतात. एक, वहीची झिपवाली पिशवी घाईत गास्केटखाली चिमटली जाते आणि तिथून पाणी झिरपतं. म्हणून पिशवी डब्याच्या तळापेक्षा लहान घ्या. दोन, कडीचा बिजागरीचा पातळ भाग उन्हानं तडकतो. थेट ऊन पडणाऱ्या जागी एक उन्हाळाही निघेल याची खात्री नाही.

लोणच्याचा, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा कितीही धुतला तरी वापरू नका. उंदीर झाकणाची कड कुरतडतात, वानरं फेकून देतात. वासाचे खोडरबर, चॉकलेट, उदबत्ती आत नको.

वरून काय गुंडाळायचं? कापडी चिकटपट्टीचा गोंद मे महिन्यात पाघळतो, हाताला चिकटतो आणि धूळ धरतो. रंग या प्लास्टिकवर टिकत नाही, खपल्या निघतात. बारदाना दिसतो झकास, पण ओल धरतो आणि उधई लागते. सायकलच्या ट्यूबचा तुकडा मोज्यासारखा चढवा, प्रीफॉर्मवर बरोबर बसतो. स्मॉलला मोटरसायकलची ट्यूब उभी चिरून. सावलीत ठेवलं तर काळ्या रंगाचा त्रास नाही. आत पेन ठेवू नका, आटतं किंवा गळतं. पेन्सिल, टोक काढलेली. वहीची पानं इंकजेटवर छापू नका. सिलिका जेलच्या पुड्या लोक टाकतात, मला त्यात अर्थ दिसत नाही. आठवडाभरात ओल पिऊन बसतात आणि बदलायला कोणी जात नाही.

स्टीलचा टिफिन लपवू नका. पहिलं कारण साधं: कामाची वस्तू आहे, घरी जाणार. दुसरं जास्त गंभीर. गडचिरोली आणि लगतच्या भागात रस्त्याच्या मोरीखाली धातूचा बंद डबा सापडला तर त्याचा काय अर्थ लावला जातो हे मी सांगायला नको. मोरी, पूल, रेल्वे, डीपी, मोबाइल टॉवर, कालव्याचं गेट, शाळा, दवाखाना यांच्या जवळपास काहीही नको, कोणत्याही जिल्ह्यात. डबा पारदर्शक, आतलं बाहेरून दिसणारा. लपवायचा असेल तर ट्यूबच्या मोज्यानं झाका, पण मोजा काढला की आत वही-पेन्सिल दिसली पाहिजे.

आणि लेबल मराठीत लिहा. खेळात डब्याला ‘कॅश’ म्हणतात, पण हा शब्द टाळा, गावात कॅश म्हणजे पैसा. ‘खजिना’ तर मुळीच नको. निर्जन जागी झाडाखाली कोणी काही पुरतंय, शोधतंय म्हटलं की लोकांच्या डोक्यात गुप्तधन येतं, मग अमावास्या, मग जादूटोणा, मग जमाव. लाल कापड, बाहुली, टाचण्या, नाणी डब्यात ठेवू नका. “हा खेळाचा डबा आहे. आत फक्त वही आहे. कृपया परत जागेवर ठेवा”, खाली तुमचा फोन नंबर. बस. शेंदूर लावलेला दगड, मातामायचं ठाणं, वारूळ यांच्यापासून लांब. नुसते गोल मांडलेले दगड दिसले तरी हलवू नका. नागपूरजवळच्या जुनापाणीसारखी शिलावर्तुळं विदर्भात अनेक ठिकाणी आहेत आणि ती हजारो वर्षांपूर्वीची दफनं आहेत. गाविलगड, नरनाळा, मार्कंडा, रामटेकची जुनी देवळं, लोणारचं विवर, सगळं बाद.

परवानगी. इथं थोडा राग निघेल, माफ करा. बाहेरचे सल्ले सांगतात की जमीनमालकाला विचारा. बरं, सातबारा काढला, ऑनलाइन निघतो. त्यावर ई-क्लास (सरकारी जमीन) किंवा झुडपी जंगल (खुरट्या झुडपांची जमीन) निघालं, की मालक कोण? महसूलवाले म्हणतात झुडपी आहे, वनखात्याला विचारा. वनवाले म्हणतात जमीन महसूलची, तिकडून लेखी आणा. तिकडचा बाबू म्हणतो अशा कामाचा नमुनाच नाही, अर्ज कशात घेऊ? अर्जाची पोहोचसुद्धा देत नाहीत. कार्यालयाचं नाव घेत नाही. अनेकांना आपलंच वाटेल. मी वकील नाही, पण पूर्व विदर्भाच्या सहा जिल्ह्यांतलं झुडपी जंगल हे वनच, असं सर्वोच्च न्यायालयानं मे २०२५ मध्ये सांगितलेलं आहे, तेव्हा ‘झुडपी’ दिसलं की वनजमीन धरा आणि दुसरी जागा बघा. अभयारण्य आणि व्याघ्र प्रकल्पात तर १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं परवानगीशिवाय शिरताच येत नाही. गडचिरोलीत सामूहिक वनहक्क मिळालेलं गाव असेल तर ग्रामसभेला विचारा. २००९ मध्ये तिथल्याच मेंढा-लेखा गावापासून सुरू झालेली ही गोष्ट आहे आणि तिथं निदान समोर बसून हो-नाही ऐकायला मिळतं.

माझं मत सरळ आहे: खाजगी शेत, पांदणीला लागून, शेतकऱ्याच्या होकारानं. एका पानाचं पत्र मराठीत, गट नंबर, डब्याचा फोटो, तुमचा नंबर, त्यांची सही. एक प्रत पोलीस पाटलांकडं. आणि त्या शिवारात ढोरं चारणाऱ्याला डबा प्रत्यक्ष दाखवा, उघडून. नियम काहीही म्हणोत, त्याच्यापासून लपवलेला डबा टिकत नाही; त्याला माहीत असलेला डबा तो राखतो.

उंचीबद्दल पुन्हा, कारण यात जीव जातो. जिथं न बघता हात घालावा लागतो अशी जागा देऊ नका. दगडाच्या बेचक्यात विंचू, मण्यार, घोणस काहीही असतं. आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-सिंदेवाहीच्या पट्ट्यात वाकून किंवा बसून शोधायला लावणारी जागा नकोच, वाघाचे हल्ले अशाच वाकलेल्या माणसांवर होतात. लिस्टिंगमध्ये (साइटवरच्या डब्याच्या नोंदीत) ‘सकाळी नऊ ते दुपारी चार’ असं स्पष्ट लिहा.

निर्देशांक तीन वेगवेगळ्या दिवशी घ्या आणि सरासरी काढा. मिनिटाच्या हजाराव्या भागाला उत्तर-दक्षिण साधारण १.८५ मीटर, पूर्व-पश्चिम आपल्या अक्षांशाला १.७ च्या आसपास. दाट चिंचेखाली एकच वाचन घेतलं तर माणूस शेजारच्या शेतात शोधत बसतो आणि तुडवलेल्या तुरीचं भांडण तुमच्याकडं येतं. परदेशातला खेळाडू येणार असेल तर त्याला आधीच कळवा, की उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय भारतात आणू नको; साधा जीपीएस वेगळा.

तुमच्या त्या फिल्मच्या डबीचं मात्र आत्ताच बघा. पहिला मोठा पाऊस पडला की भेग मिटेल. दगड काठीनं बाजूला सारा, भेगेत बॅटरी मारा, आणि दोन फूट तारेला पुढं आकडा करून हळू चाचपा. हात घालू नका.