५० हजारांत गेमिंग पीसी: दुकानदार आय७ देतोय, घेऊ का?

भाऊ, तुम्ही लिहिलंय की बजेट ५० हजार, मॉनिटर घरचाच जुना, सेकंदाला ६० चित्रं दाखवणारा म्हणजे ६० हर्ट्‌झचा, खेळायचं व्हॅलोरंट आणि जीटीए ५, आणि शहाद्यातला दुकानदार म्हणतो, "आय७ घ्या, आय५ पेक्षा भारीच असतो." त्याला आधी एकच विचारा: कितवा आय७?

आय७ हे इंटेल कंपनीच्या प्रोसेसरच्या, म्हणजे पीसीच्या मेंदूच्या, नुसतं वाणाचं नाव झालं. पेरणी कोणत्या साली झाली ते पुढचा आकडा सांगतो. त्या किमतीत "आय७" म्हणून बहुतेक आय७-३७७० गळ्यात मारतात. म्हणजे तिसरी पिढी, २०१२ चा माल, रॅमही जुन्या डीडीआर३ प्रकारची. चार कोर (काम करणारे हात), आठ थ्रेड (एका वेळी हाताळता येणारी कामं). आता २०२२ चा आय३-१२१००एफ बघा. त्यातही चार कोर, आठ थ्रेडच आहेत, पण तो या म्हाताऱ्या आय७ला सहज मागे टाकतो, कारण त्याचा एकेक कोर तेवढ्याच वेळात कितीतरी जास्त काम उरकतो. वर विंडोज ११ला इंटेलची साधारण आठव्या पिढीपासूनची चिप लागते, विंडोज १०चे नेहमीचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ला थांबले, आणि विंडोज ११वर व्हॅलोरंट टीपीएम २.० व सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सोयी चालू असल्याशिवाय उघडत नाही. म्हणजे नको.

पण खरी चूक वेगळीच असते, आणि ती मी स्वतः केलीय. २०१९ मध्ये भुसावळला पहिला पीसी जोडला तेव्हा हट्टाने एएमडी कंपनीचा रायझन ७ २७०० घेतला. आठ कोर, सोळा थ्रेड, काय मिरवलं! पैसे तिथेच संपले म्हणून ग्राफिक्स कार्ड आलं अगदी साधं, जीटी ७१०. जीटीए ५ लावला तर रस्त्यावरच्या गाड्या आचके देत चालायच्या. मोठा भाऊ मागे उभा होता, म्हणाला, "आते बठ कोर मोजत."

आपल्याकडच्या भाषेत सांगतो. केळीचा ट्रक भरताना मुकादम असतो आणि घड वाहणारे मजूर असतात. प्रोसेसर मुकादम: कोण कुठे आहे, गोळी कोणाला लागली, काय काढायचं हे तो ठरवतो. चित्र प्रत्यक्ष काढायचं काम कार्डाचं. सेकंदाला ६० फ्रेम (चित्रं) हव्यात तर प्रत्येक फ्रेमला १६.७ मिलीसेकंद मिळतात. तेवढ्यात दोघांचं काम आटपलं पाहिजे. मुकादम कितीही हुशार असो, मजूर दोनच असतील तर ट्रक संध्याकाळीही भरत नाही. उद्या तुम्ही १४४ हर्ट्‌झचा मॉनिटर आणलात तर फ्रेमला फक्त ६.९ मिलीसेकंद उरतात, आणि व्हॅलोरंटसारख्या हलक्या खेळात तेव्हा मुकादमच कमी पडायला लागतो. तुमच्या ६० हर्ट्‌झला आज ती चिंता नाही.

म्हणून सगळ्यात मोठी रक्कम कार्डासाठी आधी बाजूला काढा, उरलेल्यात प्रोसेसर बसवा. माझी निवड रायझन ५ ५६०० किंवा आय५-१२४००एफ. दोन्ही सहा कोर, बारा थ्रेड, आणि खेळात उन्नीस-बीसचा फरक. ज्याची मदरबोर्डासकट बेरीज कमी येईल तो उचला. ५६०० बरोबर बी५५० बोर्ड बघा. रायझन ५ ५५०० नावाने जुळा वाटतो, दुकानदार "तोच आहे" म्हणेल, पण त्याची एल३ कॅश (चिपमधली झटपट मेमरी) १६ एमबी, ५६००ची ३२, आणि खेळात ही कॅश जाणवते. किंमत चांगलीच कमी असेल तरच घ्या. फारच ओढाताण झाली तर आय३-१२१००एफ, त्यात लाज नाही.

रायझन ५ ७६०० चांगलाच आहे आणि त्याच्या एएम५ प्रकारच्या बोर्डावर पुढे नवा प्रोसेसर बसवता येईल. पण डीडीआर५ रॅम आणि बोर्ड मिळून कार्डाचेच पैसे खातात. रॅमचा भाव तर कापसासारखा, आज एक उद्या एक, तेव्हा कोटेशन घेतलं की त्याच आठवड्यात ठरवा. रॅम १६ जीबीची एक पट्टी नको, ८-८च्या दोन घ्या.

इंटेलच्या नावामागचा 'एफ' म्हणजे आत ग्राफिक्स नाही. कार्ड नंतर घेऊ म्हणून एफ आणलात तर स्क्रीन काळीच राहील. ५६००चंही तसंच. कार्ड सहा महिन्यांनी घेणार असाल तर ५६००जी बघा, त्यात आतच ग्राफिक्स असतं. व्हॅलोरंट त्यावर आरामात चालतं. आणि डबाबंदच घ्या: डब्यात पंखा येतो, कंपनीची तीन वर्षांची वॉरंटी असते. ट्रेचा सुटा, बिनडब्याचा माल थोडे पैसे वाचवतो आणि पंखा वेगळा घ्यायला लावतो.

आता उन्हाळा, जो पुण्या-मुंबईचे सल्लागार विसरतात. पंखा चिपला खोलीपेक्षा थंड करू शकत नाही. समजा भर खेळात चिप खोलीपेक्षा ४० अंश वर जाते. २८ अंशांच्या खोलीत ती ६८ वर राहील, आपल्या मे महिन्याच्या ४२ मध्ये ८२ वर. ५६००ची मर्यादा ९० आहे, १२४००एफची १००. म्हणून समोरून जाळी असलेली कॅबिनेट आणि दोन पंखे घ्या, काचेची बंद पेटी दिसायला छान पण आपल्याकडे भट्टी होते. आणि पाण्याचा कूलर टेबलाकडे तोंड करून लावू नका, ती ओली हवा थेट मदरबोर्डावर जाते. माझा पहिला बोर्ड तसाच गेला, हिरवा गंज धरून.

कोटेशन आलं की इथेच टाका. प्रोसेसर आणि कार्ड दोघांचं पूर्ण नाव आकड्यांसकट लिहून आणा, नुसतं "आय५ आणि ४ जीबी कार्ड" असं नको.