सालसातला ‘एक’ सापडत नाही

प्रश्न : मी पदवीच्या दुसऱ्या वर्षात शिकतो. यापूर्वी कधीच नाचलो नव्हतो, तरीही गेल्या आठवड्यात नवशिक्यांसाठी असलेल्या सालसाच्या वर्गाला एकटाच गेलो. शिक्षक नुसते आकडे म्हणत होते तोवर पावले बरी पडत होती. संगीत सुरू झाले आणि सगळे विस्कटले. त्यात दर काही मिनिटांनी जोडीदार बदलत असल्यामुळे प्रत्येक अनोळखी व्यक्तीसमोर तीच फजिती नव्याने झाली. मला तालाचे अंगच नाही, असे समजावे का? पुढच्या तासाला जावे का?

उत्तर : अवश्य जावे. आकड्यांवर पावले पडत होती, याचा अर्थ पायांना क्रम समजला आहे; अडचण आली ती संगीतातला ‘एक’, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, शोधताना, आणि सालसाच्या संगीतात तो बऱ्यापैकी दडवलेलाच असतो. आपल्या कानावर एरवी पडणाऱ्या नाचाच्या संगीतात बास किंवा ड्रम पहिल्या मात्रेवर ठोका देऊन जागा दाखवून देतो. सालसात मात्र बासचा स्वर पुष्कळदा चौथ्या मात्रेवरच उमटतो आणि पुढच्या पहिल्या मात्रेवर केवळ घुमत राहतो, त्यामुळे नवख्या कानाला सम येऊन गेल्याचा भास होतो. शिवाय क्लावे नावाच्या लाकडी टिपऱ्यांचे पाच आघात आठ मात्रांत असमान विखुरलेले असतात : एका अर्ध्या भागात तीन, दुसऱ्यात दोन. ही गुंफण क्यूबाच्या ‘सोन’ संगीतातून आली, आणि 1960 व 1970 च्या दशकांत न्यूयॉर्कमधल्या पोर्तो रिकन व क्यूबन वादकांच्या हातून तिला आज आपण सालसा म्हणतो ते रूप मिळाले. पहिल्याच दिवशी तुमचा कान त्यात हरवला, यात नवल नाही.

म्हणून पुढच्या तासापर्यंत नाचाचा सराव थोडा कमी आणि ऐकण्याचा अधिक करा. खुर्चीत बसून एखादे संथ गाणे लावावे आणि एक ते आठ मोजावे. गाणे रंगात येऊन कोरस सुरू झाला की एक घंटेसारखे वाद्य ठळक ऐकू येते. त्याचे भारदस्त ठोके एक, तीन, पाच, सात या मात्रांवर पडतात. कोंगा या उंच ढोलांचे दोन खुले, घुमणारे बोल चौथ्या मात्रेला आणि पुन्हा आठव्या मात्रेला सुरू होतात. नेमक्या याच दोन मात्रांवर पाऊल टाकायचे नसते : एक-दोन-तीन, थांबा, पाच-सहा-सात, थांबा. पाय थांबतो तेथे कोंगा बोलतो, एवढे कानात बसले की विस्कटलेली पावले पुन्हा कोठे जोडायची ते कळू लागते. घाबरलेला नवशिका ती रिकामी मात्रा हमखास पावलाने भरून काढतो, आणि तेथून पुढे त्याचा उजवा-डावा उलटा होतो. मिनिटाला 180 मात्रांच्या गाण्यात आठ मात्रांचे आवर्तन तीन सेकंदांच्या आतच संपते, त्यामुळे पावले लहान ठेवावीत आणि प्रत्येक पावलावर शरीराचा भार पूर्णपणे द्यावा. कंबर मुद्दाम हलवण्याच्या भरीस पडू नये; गुडघा वाकून भार एका पायावरून दुसऱ्यावर गेला की ती आपोआप हलते, आणि मुद्दाम हलवलेली कंबर (हे जरा स्पष्टच लिहितो) दुरूनही ओळखू येते.

जोडीदार बदलण्याची पद्धत तुम्हाला शिक्षेसारखी वाटली असली, तरी एकटे येणाऱ्यांची सोय तिच्यामुळेच होते. शिवाय एकाच व्यक्तीबरोबर सराव करणारे दोघे एकमेकांच्या चुका सांभाळून घ्यायला शिकतात आणि आपल्याला नाच येऊ लागला असे मानतात. नव्या हाताला मात्र इशारा स्पष्टच द्यावा लागतो. समोरची व्यक्तीही त्या वेळी मनातल्या मनात आकडेच मोजत असते, तुमची फजिती पाहायला तिला सवड नसते. हात मात्र हलका ठेवावा : बोटे किंचित वाकवून समोरच्याच्या बोटांना नुसती अलगद अडकवावीत, अंगठ्याने मूठ आवळू नये, कारण आवळलेल्या हाताखाली गिरकी घेताना समोरच्याचे मनगट दुखावते.

बुटांसाठी वेगळा खर्च आताच करू नका. रबरी, पकड घेणारा तळवा तेवढा टाळा, कारण वळताना पाऊल जमिनीला चिकटून राहते आणि पीळ गुडघ्याला बसतो. घरी व्हिडिओ पाहून सराव करणार असाल, तर तुमच्या वर्गात पुढे-मागे जाण्याचे मुख्य पाऊल पहिल्या मात्रेवर टाकतात की दुसऱ्या, हे शिक्षकांना आधी विचारून घ्या. या दोन्ही पद्धती प्रचलित आहेत. नवशिक्याने त्या एकत्र केल्या, तर जेमतेम सापडलेला ‘एक’ पुन्हा हरवतो.