टूरिंग बाइकची स्टार्टर मोटर काढताना आणि परत बसवताना काय सांभाळावं?

आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मगच मोटरची जाड केबल. बोल्ट निघाले तरी मोटर ओ-रिंगमुळे (तेल गळू नये म्हणून बसवलेली रबरी कडी) चिकटून बसते. हलवत हलवत सरळ बाहेर ओढा. हातोडी अजिबात नको, आतले मॅग्नेट तडकतात.

बसवताना नव्या ओ-रिंगला इंजिन ऑइल लावा. मोटरच्या गिअरचे दात इंजिनमधल्या गिअरशी जुळत नसतील तर मोटर जराशी फिरवून पाहा, बोल्ट कसून आत ओढू नका. बहुतेक मोटरना अर्थिंग बॉडीतूनच मिळतं, म्हणून मोटर इंजिनला टेकते ती जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा. हे बरेच जण सोडून देतात आणि मग चांगली मोटरही रडत फिरते! केबलचा नट कसताना खालचा नट दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर टर्मिनलच फिरतं. निगेटिव्ह वायर सगळ्यात शेवटी जोडा.