मनिलाचं ऑफिस उघडतं तेव्हा दुबईत पहाटेचे चार वाजलेले असतात

‘खूप मागे पडलेय, आता विद्यापीठाला कुठल्या तोंडाने लिहू? त्यापेक्षा सोडूनच देते.’ नोकरीसाठी परदेशात आलेल्या आणि मायदेशातल्या विद्यापीठातून ऑनलाइन शिकणाऱ्यांकडून हे वाक्य मी वारंवार ऐकते. दुबईत मराठी मुलंही असं बोलतात, पण फिलिपिनो विद्यार्थी जास्त.

त्यांतलीच एक परिचारिका. (ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत.) युनिव्हर्सिटी ऑफ द फिलिपीन्सचं मुक्त विद्यापीठ १९९५ पासून मनिलाजवळच्या लोस बान्योसहून दूरशिक्षण देतंय, तिथे ती पदव्युत्तर अभ्यासक्रम करत होती. ड्यूटी सकाळी सात ते संध्याकाळी सात. मनिलाचं घड्याळ दुबईच्या चार तास पुढे. म्हणजे तिथलं आठ ते पाचचं कार्यालय इथे पहाटे चारला उघडतं आणि दुपारी एकला बंद. असाइनमेंटची रात्री ११:५९ ची मुदत इथे ७:५९ लाच संपते, तेव्हा ती स्टाफ बसमध्ये असायची. दोन असाइनमेंट अशाच हुकल्या आणि तिने पोर्टल उघडणंच सोडलं. धाकट्या भावाची फी तीच भरायची. घरच्यांना वाटत होतं, हिचं उत्तम चाललंय.

माझ्याकडे आली तेव्हा तिने फोन पुढे केला. प्राध्यापकांना लिहिलेली मेल ड्राफ्टमध्येच पडून होती. लांबलचक माफी, आणि नेमकं काय हवंय ते कुठेच नाही.

मला वाटतं, खरी अडचण इथेच असते. वर्गात बाक रिकामा दिसला की कुणीतरी चौकशी करतं. ऑनलाइन शिकताना आपण गप्प झालो तर ते पटकन कुणाच्या लक्षात येत नाही. मदत असते: विषयाचे प्रभारी प्राध्यापक असतात, विद्यार्थी कल्याण कार्यालय असतं. पण हाक आपल्यालाच मारावी लागते.

माफी आम्ही एका ओळीत आटोपली. मग विद्यार्थी क्रमांक, विषय, ड्यूटीच्या वेळा आणि थेट प्रश्न: उशिरा दिलेलं काम घ्याल का? नाहीतर हा विषय रीतसर सोडता येईल का? ‘रीतसर’वर मी अडून बसले. न कळवता गायब झालेल्या विद्यार्थ्याची त्या विद्यापीठात ‘विनापरवाना गैरहजर’ अशी नोंद होते आणि परतताना पुनर्प्रवेशाचा अर्ज करावा लागतो. अर्ज करून घेतलेल्या रजेनंतर परत येणं पुष्कळ सोपं जातं.

मेल तिने माझ्यासमोरच पाठवली. एका विषयात मुदत वाढवून मिळाली, दुसरा तिने सोडला. त्याचं तिला वाईट वाटलं, बराच वेळ रडली. मी रडू दिलं.

आता फोनवर दोन घड्याळं आहेत आणि प्रत्येक मुदत ती दुबईच्या वेळेत, एक दिवस आधीची लिहून ठेवते. पुढच्या सत्रात एकच विषय घेणार आहे. आईला मात्र अजून सांगितलेलं नाही. पुढच्या भेटीत त्यावरच बोलायचं ठरलंय.